कूलंट सारखं कमी होतंय आणि हीटर गार हवा फेकतोय? बाटलीवर विसंबू नका

तक्रार साधारण अशी असते. बाटलीतलं कूलंट पंधरा-वीस दिवसांत मिनिममच्या खाली जातं. वरून टाकलं की गाडी काही दिवस गुमान चालते. घाटात तापमानाचा काटा जरा वर सरकतो, उताराला परत जागेवर येतो. आपल्याकडे हीटर तसा कोण लावतो म्हणा, पण पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला किंवा डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे लावलाच, तर गाडी उभी असताना हवा गार येते आणि पळायला लागली की गरम. सकाळी गाडी चालू केल्या केल्या डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. पार्किंगमध्ये मात्र खाली एक थेंब नाही. गॅरेजमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं: "थोडं थोडं कमी होतंच साहेब, टाकत राहा."

होत नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं, पण कूलंट ही खर्च व्हायची वस्तूच नाही. ते बंद यंत्रणेत फिरतं आणि तिथेच राहतं. वर्षाकाठी बाटलीत बोटभर फरक पडला तर समजू शकतो. महिन्याला पाव लिटर टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय किंवा इंजिनाच्या पोटात जातंय. छोट्या गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटरच कूलंट असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं म्हणजे दहावा हिस्सा गेला.

आता हीटरचं. बरेच जण हीटर गार पडला की एसीचा गॅस भरायला जातात. गॅसचा इथे काही संबंध नाही. जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरकडे नेऊन टाकतं. त्यातलं थोडं गरम कूलंट दोन होज पाइपांतून डॅशबोर्डच्या आत असलेल्या छोट्या जाळीकडे वळवलेलं असतं. तीच हीटरची कॉइल. ब्लोअरची हवा तिच्यातून जाते आणि गरम होते. ही कॉइल बहुतेक गाड्यांत उंचावर असते आणि तिच्या नळ्या बारीक असतात. पातळी उतरली की यंत्रणेत हवा शिरते, आणि हवा उंच जागा धरून बसते. आयडलवर वॉटर पंपाचा जोर कमी, त्यामुळे हवेचा तो बुडबुडा ढकलला जात नाही आणि कॉइल गार पडते. रेस दिली की जोर वाढतो, थोडं कूलंट वर चढतं आणि हवा पुन्हा गरम. म्हणून "उभी असताना गार, चालताना गरम" एवढं कळलं तरी माझा पहिला संशय कमी पातळीवरच जातो. काटा हलायच्या कितीतरी आधी हीटर ही खबर देतो. आपल्याकडे हीटर बंदच असतो म्हणून ती कुणाला मिळत नाही, इतकंच. महिन्यातून एकदा, अगदी मे महिन्यातही, दोन मिनिटं हीटर लावून बघा. घाम येईल, पण येऊ द्या.

सीएनजी असेल तर आणखी एक लक्षण जोडीला येतं. टाकीतला गॅस प्रचंड दाबाखाली असतो. रिड्युसरमध्ये दाब उतरला की तो एकदम थंड पडतो. रिड्युसर गोठू नये म्हणून त्यालाही कूलंटचे पाइप दिलेले असतात. कूलंट कमी झालं की रिड्युसरवर पांढरा बर्फासारखा थर दिसतो, गाडी सीएनजीवर झटके मारते आणि पेट्रोलवर मात्र ठीक चालते. मग लोक प्लग बदलतात, फिल्टर बदलतात, ट्यूनिंग करतात आणि पाण्याकडे कुणीच बघत नाही.

काटा खोटं कसं बोलतो

तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तेव्हाच खरं सांगतो. पातळी इतकी उतरली की सेन्सर हवेत किंवा वाफेत उघडा पडला, तर आकडा बेभरवशाचा होतो. चढत चाललेला काटा घाटात अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. सगळ्यात धोकादायक क्षण तोच असतो. त्यातून बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, बस्स. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ रीडर स्वस्तात मिळतो, त्यात कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. गरम इंजिन बहुतेक गाड्यांत 90 च्या आसपास असतं. 105 च्या पुढे जाऊन उतरायचं नाव घेत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

इंजिनाचं नेमकं काय होतं? एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा भाग सगळ्यात जास्त तापतो. तिथे कूलंट पोहोचलं नाही की वाफेचे खिसे तयार होतात, आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी उचलू शकत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मधली गॅस्केट ही ओढाताण काही मर्यादेपर्यंतच सोसते. एकदा हेड बेंड झालं की हेड उतरवणं, फेसिंग, नवी गॅस्केट, नवे बोल्ट हे सगळं आलंच. वीस-तीस रुपयांच्या क्लिपपासून सुरू झालेलं दुखणं असं हजारोंवर जातं.

रस्त्यात काटा चढला तर

खंबाटकी किंवा कसारा चढताना, भर एप्रिलात, गाडीत पाच माणसं आणि एसी चालू: काटा चढायला याहून चांगला मुहूर्त नाही. आधी एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल करा, काचा खाली. आता व्हेंटसमोर हात धरा.

हवा कढत येत असेल तर कूलंट फिरतंय. हीटर हा जादाचा रेडिएटर म्हणून कामाला लागतो आणि काटा थोडा उतरतो. खालच्या गिअरमध्ये सावकाश चालवत पहिल्या सुरक्षित जागी थांबा. इंजिन लगेच बंद न करता दोन-चार मिनिटं आयडलवर ठेवा, म्हणजे पंप आणि फॅन आपलं काम करतील. काटा चढलाय आणि हवा मात्र गार, असं असेल तर आत कूलंट उरलेलं नाही किंवा फिरत नाही. तिथे दोन-चार मिनिटं बिनिटं नाही, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. "जरा वर हॉटेल आहे, तिथपर्यंत नेऊ" या एका वाक्यावर किती हेड गेली असतील, देव जाणे.

झाकण उघडायची घाई करू नका. आतला प्रकार प्रेशर कुकरसारखाच असतो. दाब उतरायच्या आत झाकण फिरवलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप दाबून बघा. तो मऊ लागला आणि हात टिकला, तरच जाड फडकं टाकून झाकण थोडंसं फिरवा, सुस्कारा संपू द्या, मग काढा. पाणी ओतायचं ते हळूहळू. कोरड्या, तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बादली ओतली तर हेडला तडा जाऊ शकतो. त्या वेळी बाटलीबंद पाणी चालेल, नळाचंही चालेल. बोअरचं शक्यतो नको, क्षार साचतात. आणि घरी पोचल्यावर "आता ठीक आहे" म्हणून तेच पाणी वर्षभर ठेवायचं नाही.

गळती शोधायची ती थंड इंजिनावर

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी. आधी तुमची यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे ते बघा. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकण असतं आणि बाजूला साधी प्लॅस्टिकची बाटली. काहींत रेडिएटरला झाकणच नसतं. बाटलीच दाबाखाली असते आणि तिला आटे असलेलं जाड झाकण असतं. दुसऱ्या प्रकारात बाटलीची पातळी हीच खरी पातळी. पहिल्या प्रकारात बाटली साफ फसवू शकते, आणि माझ्या मते सारखं कूलंट टाकणाऱ्या निम्म्या लोकांची फसगत इथेच होते.

आमच्याकडे आलेली एक सीएनजी हॅचबॅक सांगतो. मालकांना मनालीला जायचं होतं आणि हीटर नीट चालत नव्हता. बाटली मॅक्सच्या वर भरलेली, ते स्वतः दर आठवड्याला बघायचे. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत कूलंट दिसेचना. टॉर्च मारला तेव्हा नळ्यांची वरची टोकं कोरडी, त्यांवर तपकिरी पापुद्रा. दीड लिटरच्या वर भरावं लागलं. झालं होतं असं: इंजिन तापलं की कूलंट फुगून झाकणातून बाटलीत जातं, आणि थंड झालं की आत तयार झालेल्या पोकळीमुळे बाटलीतून परत ओढलं जातं. ओढून घ्यायचं काम झाकणाच्या मधल्या छोट्या व्हॉल्व्हचं. तो क्षारांनी चिकटून बसला होता आणि खालचा रबर वॉशर कडक होऊन चिरला होता. बाटलीकडे जाणारी बारीक नळीही रेडिएटरच्या टोकाशी तडकलेली, त्यामुळे थोडीफार ओढ लागलीच तर कूलंटऐवजी हवा आत जायची. बाटली भरलेली, रेडिएटर कोरडा.

झाकण आणि नळी बदलली, हवा काढली, हीटर गरम झाला. पण गोष्ट तिथे संपली नाही. आठवड्याभरात बाटली खरोखरच खाली आली. जुनं झाकण दाब धरतच नव्हतं; नव्याने धरला, आणि दाब वाढताच दुसरी कमजोर जागा उघडी पडली. हीटरच्या पाइपातून सीएनजी रिड्युसरकडे फाटा काढलेला टी-जॉइंट होता, तिथल्या क्लिपखाली गुलाबी खरपुडी जमली होती. गाडी तापलेली असताना तिथून निघालेला थेंब पाइपावरच सुकायचा, म्हणून फरशीवर कधी काही दिसलंच नाही. झाकण बदलल्यावर गळती "सुरू" झाली तर नव्या झाकणाला दोष देऊ नका.

झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाब आहे, बारमध्ये. जितका लिहिलाय तितकाच घ्यायचा, जास्तीचा टाकून काही फायदा होत नाही. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलेलं कूलंट उघड्यावर 107-108 अंशांना उकळतं, 1.1 बारच्या दाबाखाली तेच 129-130 च्या आसपास. म्हणजे फाटक्या वॉशरमुळे वीसेक अंशांचं संरक्षण जातं, तेही एक थेंब न गळता.

बाकीच्या जागा बघताना ओल शोधू नका, डाग शोधा. सुकलेलं कूलंट पांढरं, हिरवट किंवा गुलाबी खरपुडं सोडतं. होज पाइपांची टोकं आणि क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे मुडपून बसवलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या व्हॉल्व्हचं) प्लॅस्टिक हाउसिंग, आणि वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. ते भोक बुजवायचं नसतं. तसं करणारे महाभाग पाहिलेत. गाडीखाली पाणी दिसलं तर बोटावर घेऊन बघा: एसीचं पाणी निव्वळ पाणी असतं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चाखायचं नाही, ते विषारी आहे. सांडलेलं पाण्याने धुऊन काढा, गोडीमुळे कुत्री-मांजरं चाटतात.

हीटरची कॉइलच गळत असेल तर पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं होतं, काचेच्या आतून तेलकट धुकं धरतं जे पुसलं तरी पसरतं, आणि गाडीत गोडसर वास राहतो. बाहेर काहीच सापडत नसेल तर प्रेशर टेस्टर लावून घ्या: हातपंपाने थंड यंत्रणेत दाब भरायचा आणि पंपावरचा दाबाचा काटा उतरतोय का ते बघायचं. तसा पंप नसलेलं गॅरेज या कामासाठी निवडू नका.

दाब टिकत नाही आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मग नको ते आहे: हेड गॅस्केट. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर. ऑइल दुधाळ झालं तर संशय आणखी बळावतो. पण थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइल-झाकणाखाली थोडी पिवळट साय जमते, तेवढ्यावरून हेड उतरवायला देऊ नका. डिपस्टिक बघा. निळ्या द्रावाची एक चाचणी असते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात. जळालेला गॅस येत असेल तर पेट्रोल गाडीत द्राव पिवळा पडतो. ती करून घ्या आणि मगच पान्याला हात लावू द्या.

पातळी पूर्ण असूनही हीटर गारच असेल तर

बॉनेट उघडा आणि फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) घुसणारे हीटरचे दोन्ही पाइप इंजिन तापल्यावर जपून हाताला लावून बघा. दोन्ही कढत असतील तर कूलंट पोचतंय, आतला हवा वळवणारा फ्लॅप किंवा त्याची केबल-मोटर बिघडली आहे. एक गरम आणि एक गार, तर कॉइल चोक आहे, हवा अडकली आहे किंवा हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही.

जागेवरच नाही, हे गमतीने म्हणत नाहीये. "आपल्याकडच्या उन्हात लागत नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्या गॅरेजमध्ये जुनी खोड आहे. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला ठेवलेला असतो, कारण इंजिन त्या गरमीतच नीट चालतं. काढला की मायलेज पडतं, थंडीत हीटर कोमट राहतो आणि कूलंटच्या कमतरतेचं लक्षण झाकलं जातं. दुसरी खोड हीटर बायपासची: कॉइल गळते म्हणून दोन पाइप एकमेकांना जोडून द्यायचे. पुण्यात चार वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग माणूस जानेवारीत सपरिवार हिमाचलात उभा. सेकंडहँड गाडी असेल तर हे नक्की तपासा.

हळदही इथेच सांगतो. ट्रकवाल्यांची युक्ती आहे, रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक गळती बुजते. बुजते खरी. पण हळद असो की बाजारातलं लीक-स्टॉप, त्याला भोक कोणतं आणि बारीक नळी कोणती हे कळत नाही, आणि सगळ्यात बारीक नळ्या हीटरच्या कॉइलमध्ये असतात. आडरानात अडकलात तर वापरा, घरी आल्यावर पूर्ण फ्लश करा.

भरताना

रंग बघून कूलंट घेऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. दोन वेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर गंजरोधक निकामी होतात, कधी चिकट गाळ धरतो. डबा रेडी-टू-यूज आहे की कॉन्सन्ट्रेट, हे वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर तितकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, तेच जे बॅटरीसाठी मिळतं. लडाख-स्पितीला निघताना "थंडी जास्त आहे" म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणारे भेटतात. उलटं होतं: शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे 12-13 अंशांनाच गोठायला लागतं, निम्मं पाणी घातलेलं उणे 37 पर्यंत तग धरतं. निव्वळ पाणी भरून नेलं तर गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि ब्लॉक फोडू शकतं. आणि लेहला, 3500 मीटरवर, उघडं पाणी 88 अंशांनाच उकळतं. झाकण फाटकं असेल तर थर्मोस्टॅट उघडतो न उघडतो तोच उकळी.

हवा काढायला गाडीचं नाक चढाला लावा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी. थंड इंजिनावर झाकण काढून काठोकाठ भरा, चालू करा, जाड पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी बसेल, पुन्हा भरा. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर अखंड धार येईपर्यंत ढिला ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा पाइप गरम होतो आणि पातळी एकदम खाली जाते, तेव्हा परत भरून झाकण लावा. दाबाची बाटली असेल किंवा मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. फॅन कधीही सुटतो, बोटं आणि ओढणी लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची पातळी थोडी उतरलेली दिसेल, ती अडकलेली हवा. भरा आणि बाटलीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहा. पहिला आठवडा रोज सकाळी, नंतर आठवड्याला एकदा रेघ बघा. महिनाभर पातळी तिथेच राहिली आणि उभ्या गाडीत हीटर गरम राहिला तर काम झालं. रेघेखाली गेली तर नुसतं टाकून मोकळे होऊ नका. पुन्हा प्रेशर टेस्ट करा, या वेळी गरम इंजिनावर, कारण काही चिरा धातू फुगल्यावरच तोंड उघडतात. गरम इंजिनावर टेस्टर लावायचं काम मात्र मेकॅनिकवर सोडा.